गावाच्या चित्रात रंगांचा चिखल होऊ नये म्हणून

पोस्ट-इम्प्रेशनिस्ट शैलीत (ठळक रंग आणि सुटे फटकारे दिसू देणारी शैली) गाव रंगवताना छपरं, झाडं, वाट सगळं मिसळून राखाडी होतं. पांढऱ्या कॅनव्हासची फट झाकायला ब्रश पुन्हा पुन्हा घासला जातो, तिथेच घोळ होतो. म्हणून कॅनव्हास आधीच रंगवून घ्या.

१. अ‍ॅक्रिलिक यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालून, पाण्याने पातळ करून सगळीकडे फिरवा. पूर्ण वाळू द्या.

२. घरांच्या कडा आणि खोडं पातळ अल्ट्रामरीन निळ्याने आखा. काळा नकोच.

३. अर्धा इंची चपटा ब्रश घ्या. फटकारा मारा, उचला, त्यावर पुन्हा जाऊ नका. दोन फटकाऱ्यांत तांदळाच्या दाण्याएवढी फट राहू द्या. तिथून डोकावणारा मातकट रंगच चित्र बांधून ठेवतो. छपरावर फटकारे उताराच्या दिशेने, भिंतीवर उभे, शेतात नांगराच्या तासांच्या रेषेत. फ्रेंच चित्रकार सेझानसारखे झाडीवर एकाच बाजूला झुकलेले तिरके समांतर फटकारेही छान दिसतात.

४. सावलीला निळा-जांभळा. नारिंगी छपराशेजारी तो आपोआप उठतो.

रंग बदलताना ब्रश फडक्याने पुसा, नाहीतर तिसऱ्या रंगापासून पुन्हा राखाडी.

पहिल्या वाळलेल्या थरावर तैलरंग चालतात. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक मात्र लावू नका, पापुद्रे सुटतात.