मुलांचा खोकला, धाप आणि पंप: या चुका तरी टाळा

लहान मुलांच्या ओपीडीत सिस्टर आहे, रोज त्याच त्याच चुका बघून जीव थकतो म्हणून लिहितेय.

पहिली म्हणजे पंपाची, म्हणजे तोंडाने ओढायच्या औषधाच्या इनहेलरची भीती. "सिस्टर, पंप नको, सवय लागेल, सिरप द्यायला सांगा ना." अहो, नाही लागत सवय! साल्ब्युटामॉलच्या (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) ५ मिली सिरपमध्ये २ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका पफमध्ये (एकदा दाबल्यावर) १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक चमचा सिरप बरोबर २० पफ, आणि ते सगळं पोटातून अंगभर फिरतं, मग पोराचे हात थरथरतात, छाती धडधडते. पंप मात्र स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लहानांसाठी मास्कवाली) लावूनच. पंप हलवा, मास्क नाकातोंडावर घट्ट धरा, एकच पफ, पाच-सहा श्वास होऊ द्या, परत हलवा, मग दुसरा. दोन्ही पफ एकदम मारून मोकळं व्हायची घाई कशाला? स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवा पण आतून पुसू नका, तसाच वाळू दे, पुसला की औषध प्लास्टिकलाच चिकटतं. आणि रोजचा प्रतिबंधक पंप खोकला थांबला म्हणून आपल्या मनाने बंद करायचा नाही.

दुसरी, शेंगदाणा. दीड वर्षाचं बाळ आलं होतं, सारखा न्यूमोनिया, दरवेळी उजवीकडेच, दरवेळी अँटिबायोटिक, चार दिवस बरं की परत तेच. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, कधी जोरात ठसका लागलेला का? तेव्हा आजी म्हणाल्या, हो, दाणे खाताना लागला होता, पण लगेच शांत झाला म्हणून कुणाला बोललो नाही. दुर्बीण घालून श्वासनळीतून अर्धा दाणा काढला. दाणा एक्स-रेत दिसत नाही हो! ठसका सांगा, कुणी विचारलं नाही तरी सांगा. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे नकोच, कूट द्या.

उकळत्या पातेल्यावर वाफ नको, पोरं भाजतात.

मोठ्या भावंडाचं उरलेलं कफ सिरप धाकट्याला नको.

झोपेत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: २ महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतोय, तर सकाळची वाट बघू नका.

आणि प्रत्येक खोकला बाळदमा नसतो. महिनाभर ओला खोकला हटत नाही, वजन वाढत नाही, शी तेलकट होते, पापा घेतला की गाल खारट लागतो, हे सगळं जुळत असेल तर सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात चिकट कफ साठणारा जन्मजात आजार) आहे का ते बघायला घामाची तपासणी करतात. दुर्मिळ आहे, पण त्या तपासणीत सुईसुद्धा टोचत नाहीत, डॉक्टरांना बिनधास्त विचारा.