चिऱ्याच्या जुन्या चॅपेलचा गिलावा: सिमेंट नको, चुनाच हवा

गोव्यातल्या किनारी गावांत फिर्गजीच्या (चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीच्या) मुख्य चर्चशिवाय वाड्यावाड्यांवर छोटी चॅपेलं आहेत. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. दर्जा (दगडांमधले सांधे) आणि गिलावा चुन्याचा. गिलाव्याचे पोपडे निघाले की सिमेंटवाला गवंडी बोलावला जातो आणि तिथेच घोळ होतो. चिरा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंट ते सोडू देत नाही. पाण्याबरोबर आलेलं मीठ मग सिमेंटच्या मागे साचून फुगतं, चिऱ्याचं पीठ करतं आणि काही पावसाळ्यांनी सगळा पापुद्रा दगडाची कातडी घेऊन सुटतो. ‘दगड सुंदर दिसतो’ म्हणून भिंत उघडी ठेवणंही तितकंच वाईट. जुन्या गोव्याच्या बॉम जिझस बॅसिलिकेचा गिलावा 1950 च्या दशकात उतरवला, तिथला उघडा चिरा अजून झिजतो आहे.

आधी कागद. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. वास्तू राज्याच्या 1978 च्या कायद्याखाली संरक्षित आहे का, तेही पाहा. चॅपेल चर्चच्या मालकीचं असेल तर फाब्रिकेची (चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या समितीची) लेखी संमती घ्या.

मग पाणी. फुटकी कौलं, वळचणीतून भिंतीवर उडणारी पागोळी, जोत्याला टेकलेली माती किंवा काँक्रीटची फरशी, हे सुधारल्याशिवाय चुन्याला हात लावू नका. ओल आत येतच राहिली तर नवा गिलावाही सुटणार.

जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने हलकेच काढा. ग्राइंडर नको, त्याने चिऱ्याच्या कडा जातात. दर्जा 20-25 मिमी खोल उकरा. लोणा (भिंतीवर फुटलेलं पांढरं मीठ) दिसला तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. मग साध्या कागदाचा लगदा गोड्या पाण्यात भिजवून 15-20 मिमी जाड थापा आणि पूर्ण वाळल्यावर काढा. मीठ लगद्यात ओढलं जातं. दोन-तीनदा करावं लागतं.

कळीचा चुना (भाजलेला, अजून पाण्यात न विरवलेला) ताजा हवा. एक खडा थोड्या पाण्यात टाका: काही मिनिटांत तापून, फुगून फुटला पाहिजे. गप्प पडून राहिला तर तो हवेनेच विरलेला आहे, परत करा. विरवताना लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि चुना त्यात थोडाथोडा टाका. उलटं केलंत तर उकळता चुना अंगावर उडतो. गॉगल आणि हातमोजे हवेतच. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि डॉक्टर गाठा. बारीक जाळीतून गाळा आणि पाण्याखाली किमान महिनाभर, शक्य तर तीन महिने मुरू द्या.

मिश्रण: 1 भाग मुरलेला चुना, 2 भाग नदीची धुतलेली वाळू, 1 भाग सुरखी. खाडीची वाळू मीठ घेऊन येते. सुरखी कमी भाजलेल्या विटा किंवा कौलं कुटून केलेली हवी. फार भाजलेली निव्वळ वाळूसारखी पडून राहते. 10 चौरस मीटर भिंतीवर 20 मिमी जाडीला 200 लिटर माल लागतो, पण चिरा खडबडीत असतो म्हणून 250 धरा: साधारण 85 लिटर चुना, 165 वाळू, 85 सुरखी. वाळूच्या फटीत चुना मावतो, त्यामुळे बेरीज जास्त दिसली तरी माल तेवढाच होतो. पाणी जवळजवळ न घालता मळत राहा, हळूहळू माल स्वतःच सैल होतो. घाईने पाणी ओतलं की वाळताना तडे.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. भिंत आदल्या दिवशी आणि पुन्हा सकाळी भिजवा. खोल खड्डे चिऱ्याच्या कपच्या आणि चुन्याने भरा. नुसत्या मालाचा जाड गोळा आतून फाटतो. मग थापीने माल जोरात मारा, पसरू नका. एक थर 10 मिमीपेक्षा जाड नको. अंगठा दाबला तर खूण उठत नाही, पण नखाने ओरखडा उमटतो, अशी स्थिती आली की लाकडी रंध्याने दाबून केसासारखे तडे मिटवा आणि पुढच्या थरासाठी पृष्ठभाग खरवडून ठेवा. दुसरा थर साधारण आठवड्याने.

ऊन आणि खारा वारा अडवायला समोर गोणपाट टांगा. सात ते दहा दिवस दिवसातून तीन-चारदा फवाऱ्याने ओलसर ठेवा. पाइपची धार मारू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. कोरडा पडला की भुगा होतो.

शेवटी चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ. चार-पाच हात, मधे एकेक दिवस आणि प्रत्येक वेळी भिंत ओली करून. पहिला हात पारदर्शक दिसतो म्हणून गवंडी दाट करायला जातो. करू देऊ नका, दाट सफेदी पापुद्र्याने सुटते. प्लास्टिक पेंट अजिबात नको. पहिल्या पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या भिंतीवर नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधा आणि सप्टेंबरच्या शेवटी काढा.