क्लच प्लेट अकाली का जाते? या चुका टाळा

क्लच प्लेट किती किलोमीटर टिकते, याला एकच आकडा नाही. कायम शहराच्या रहदारीत अडकणाऱ्या गाडीची प्लेट 30-40 हजारांतही जाते आणि त्याच मॉडेलची हायवेवर नीट चालवलेली गाडी लाखाच्या पुढे सहज जाते. क्लच पूर्ण सोडलेला असतो तेव्हा फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती), प्लेट आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट एकत्र फिरतात, घासत नाहीत. पूर्ण दाबलेला असतो तेव्हा प्लेट मोकळी असते. ती झिजते मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचवर. नव्या प्लेटवर रिव्हेटच्या वर एका बाजूला जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर लायनिंग, म्हणजे झिजणारा थर, असतं. ते किती किलोमीटरांत संपेल हे गाडी किती वेळ हाफ क्लचवर राहते यावर ठरतं.

चढावर हाफ क्लचने गाडी धरून ठेवणं

प्लेटचं सर्वांत जास्त नुकसान ही सवय करते, आणि नव्या चालकांना तीच कौशल्य वाटते. ब्रेकला हात-पाय न लावता, थोडा रेस आणि थोडा क्लच देऊन गाडी जागच्या जागी तोलायची. त्या वेळी इंजिनाची सगळी ताकद प्लेटवर उष्णता होऊन उतरत असते.

सलग सुट्टीला मुंबईहून नाशिककडे निघालेली एक पेट्रोल हॅचबॅक घ्या. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. कसारा घाटाच्या चढावर रांग लागली आणि पुढचा ट्रक वीतभर सरकला की हीसुद्धा वीतभर सरकायची. पाऊण तास हे हाफ क्लचवर चाललं. जळका वास आला, तो ट्रकच्या ब्रेकचा असेल म्हणून काचा वर केल्या. थोड्या वेळाने रेस दिला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी चढेना. अर्धा तास थांबवल्यावर क्लच थंड झाला, गाडी इगतपुरीला पोहोचली आणि मालकाला वाटलं, झालं ठीक. पुढच्या महिन्यात पिकअप गेला म्हणून एअर फिल्टर आणि प्लग बदलले गेले. शेवटी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालं होतं आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते.

इथेच दुसरी चूक झाली. खर्च वाचवायला फक्त प्लेट टाकायला सांगितलं. तापून वाकलेली प्रेशर प्लेट आणि डागाळलेलं फ्लायव्हील तसंच राहिलं. काही आठवड्यांत पहिल्या गिअरला गाडी थरथरू लागली, गिअरबॉक्स पुन्हा खाली आला आणि मजुरी दोनदा भरावी लागली.

चढावर करायचं ते सोपं आहे. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, पाय मोकळे. निघताना पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचलला की क्लचने पकडलं. थोडा रेस देऊन हँडब्रेक सोडा आणि क्लच पूर्ण सोडून द्या. रांगेत पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच निघा. सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी आपसूक सरकते, तशीच सरकू द्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. तुमच्या प्लेटचे पैसे तो भरणार नाही.

वास आलाच तर सुरक्षित जागी थांबा, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा आणि निदान अर्धा तास थांबा. "एवढा चढ संपवू" म्हणून रेटू नका.

पेडल टाइट करून घेणं

केबलच्या क्लचमध्ये पेडल दाबताना सुरुवातीला थोडं मोकळं जायला हवं. बहुतेक छोट्या गाड्यांत हा फ्री प्ले 10 ते 25 मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. हा मोकळेपणा काहींना खटकतो आणि ते रस्त्याकडेला दोन मिनिटांत केबल ओढून घेतात. फ्री प्ले शून्य झाला की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं) सतत प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकून राहतं आणि क्लच किंचित दाबलेलाच राहतो. प्लेट झिजत जाते तसा हा फ्री प्ले आपोआपही कमी होतो, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला तो मोजायला सांगा. पेडलवर पाय ठेवून चालवण्याचा परिणामही हाच. गिअर बदलून झाला की डावा पाय जमिनीवर.

सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून थांबल्याने प्लेट झिजत नाही, पण रिलीज बेअरिंग आणि डायफ्राम स्प्रिंगवर (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर) भार राहतो. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करा.

दुसऱ्या गिअरवर उठाव घेणं: टाळा. निघताना इंजिन गर्जवून क्लच झटक्यात सोडणं: टाळा, पेट्रोल गाडीला 1,200-1,500 आरपीएम पुरतात.

बिघाड ओळखताना

चौथ्या गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर, ताशी 40 किलोमीटरच्या वेगाला एकदम रेस द्या. आरपीएम उडी मारतो आणि वेग मागे राहतो, तर क्लच घसरतोय. त्याआधी बहुतेकदा पेडल जड झालेलं असतं आणि क्लच अगदी वर पकडू लागलेला असतो.

गिअर पडताना कुरकुरतो, रिव्हर्स ओरडतो आणि पेडल खाली बसतं, तर प्लेटला दोष देऊ नका. हायड्रॉलिक क्लचमध्ये (केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या) आधी क्लच ऑइलची पातळी आणि स्लेव्ह सिलिंडरची (त्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरची) गळती पाहा. पेडल दाबल्यावर घरघर येते ती बहुधा रिलीज बेअरिंगची. दाबल्यावर थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या बेअरिंगची असू शकते.

प्लेट बदलायचीच असेल तर पूर्ण सेट बदला: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स खाली असताना क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील तपासा. त्यातून गळणारं ऑइल नव्या प्लेटचाही नाश करतं. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग बघून घ्या. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल तर ते लेथवर घासून घेण्याच्या भानगडीत पडू नका, खराब असेल तर बदला. नवा सेट बसल्यावर पहिले 500 किलोमीटर जड भार आणि ओढणं-ढकलणं नको, लायनिंगला पृष्ठभागावर नीट बसू द्या.