एक ओळ म्हणजे काय, हे आधी ठरवा

नवी फाइल हातात आली की मी लगेच टॅब्लो किंवा पॉवर बीआय ही डेटाचे चार्ट काढायची सॉफ्टवेअरं उघडत नाही. आधी वहीत एक वाक्य पूर्ण करते: ‘या टेबलात एक ओळ म्हणजे एक ____.’ एक ऑर्डर? ऑर्डरमधली एक वस्तू? की एका ग्राहकाचा एक महिना? रिकामी जागा भरता येत नसेल तर चार्ट काढायला बसायचंच नाही.

ही सवय मला ठेच लागून जडली. एका टेबलात ऑर्डर होत्या, दुसऱ्यात त्यांच्या खेपा. मी ऑर्डर क्रमांकावर दोन्ही जोडली (यालाच ‘जॉइन’ म्हणतात), रक्कम ओढून बार चार्टवर टाकली आणि डॅशबोर्ड, म्हणजे चार्टचं एकत्र पान, पाठवून दिला. आता त्यातली एकच ऑर्डर घ्या. रक्कम ६,०००, माल गेला दोन खेपांत. जॉइन केल्यावर तिच्या ओळी झाल्या दोन, आणि दोन्हींवर रक्कम ६,०००. बेरीज १२,०००. सॉफ्टवेअरनं चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी चूक नव्हतीच. महिनाभर विक्री फुगलेली दिसत होती आणि सगळे खूश होते, त्यामुळे कुणी काही विचारलंही नाही.

तेव्हापासून जॉइन करण्याआधी दोन आकडे लिहून ठेवते: ओळी किती आणि रकमेची बेरीज किती. जॉइननंतर तेच दोन आकडे पुन्हा काढते. बेरीज हलली की तिथंच थांबायचं. टॅब्लोत २०२० पासून ‘रिलेशनशिप’ची सोय आहे. तिच्यात टेबलं एकमेकांत मिसळत नाहीत, आपापल्या पातळीवरच राहतात, म्हणून शक्य तिथं जॉइनऐवजी तीच वापरते. पॉवर बीआयमध्येही टेबलं वेगळी ठेवून ‘एकास अनेक’ (एका ऑर्डरला अनेक खेपा) असं नातं जोडावं. सगळं एका लांबलचक टेबलात कोंबायची हौस मात्र आवरा.

दुसरी नेहमीची डोकेदुखी म्हणजे आडवं पसरलेलं टेबल: जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे बारा कॉलम. माणसाला ते वाचायला बरं, पण चार्टला ‘महिना’ हा एकच कॉलम हवा असतो आणि त्याच्याशेजारी ‘आकडा’. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत, म्हणजे डेटा आत घेऊन साफ करायच्या सोयीत, हे बारा कॉलम निवडून ‘अनपिव्होट’ करा, म्हणजे आडवे कॉलम ओळींत उतरतात. गंमत अशी की टॅब्लोत याच कामाला ‘पिव्होट’ म्हणतात. दोन्हीकडे काम करणारा माणूस पहिल्या आठवड्यात हमखास उलटं बटण शोधत बसतो. मीही बसले होते.

महिना मजकूर म्हणून आला असेल तर पॉवर बीआय तो वर्णानुक्रमे लावतो आणि वर्ष एप्रिलपासून सुरू होऊन ऑगस्टकडे उडी मारतं. महिन्याच्या क्रमांकाचा वेगळा कॉलम करा, मग महिन्याचं नाव निवडून ‘सॉर्ट बाय कॉलम’मध्ये तो क्रमांक द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

तारखांवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे तुमचा संगणक स्वतःच्या सेटिंगप्रमाणे ठरवून मोकळा होतो. एक्सेल तर तारीख नसलेल्या गोष्टीचीही तारीख करतो. ‘मार्च१’ नावाचं एक जनुक होतं, त्याचं एक्सेलमध्ये ‘१ मार्च’ व्हायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनंच अशी नावं बदलली. एक्सेलपुढे शास्त्रज्ञांनी हात टेकले, तिथं आपली काय कथा! म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडू नका. पॉवर क्वेरीतून आत घ्या आणि प्रत्येक कॉलमचा प्रकार स्वतः ठरवा. मग सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख पाहा. तिथं १८९९ किंवा १९०० साल दिसलं तर बहुतेक रिकाम्या जागी शून्य भरलेलं असतं.

टॅब्लोतल्या निळ्या-हिरव्या रंगाबद्दल थोडं. निळं म्हणजे डायमेन्शन (वर्गवारीचा कॉलम, जशी शाखा) आणि हिरवं म्हणजे मेजर (मोजायचा आकडा, जशी रक्कम) असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. निळं म्हणजे सुटं सुटं, हिरवं म्हणजे सलग. वर्ष आणि महिना दोन्ही निळे ठेवले तर प्रत्येक वर्षाचा वेगळा कप्पा पडतो आणि डिसेंबरनंतर रेष तुटते. तारीख हिरवी करा, रेष सलग होते.

टक्क्यांची सरासरी काढू नका. एका शाखेत ४ पैकी २ ऑर्डर परत आल्या, म्हणजे ५० टक्के. दुसरीत १,००० पैकी १०, म्हणजे १ टक्का. सरासरी घेतली तर साडेपंचवीस टक्के! खरं प्रमाण आहे १,००४ पैकी १२, जेमतेम १.२ टक्के. टक्केवारीचा तयार कॉलम आला तरी तो बाजूला ठेवून अंश आणि छेद मागून घ्या, आणि सूत्रात आधी दोन्हींची बेरीज करून मग भागाकार करा.

दिसण्याबद्दल फारसं सांगायचं नाही. बार चार्टचा अक्ष शून्यापासूनच हवा, कारण आपण बारची लांबी वाचतो. लाइन चार्टला ती सक्ती नाही. रंग निवडले की एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून पाहा. छटा एकमेकींत मिसळल्या तर पडद्यावरही कुणाला तरी अडचण येणारच. पाय चार्टमध्ये तीनपेक्षा जास्त तुकडे झाले तर मी सरळ बार करते, मागणाऱ्याचं तोंड वाकडं झालं तरी.

पाठवण्याआधी सगळे फिल्टर सोडून एकूण बेरीज मूळ फाइलशी ताडून घ्या. स्वतःपुरता लावलेला फिल्टर तसाच राहून गेल्याचे प्रसंग माझ्याकडेही आहेत. मग डॅशबोर्डच्या तळाशी मी बारीक अक्षरांत तीन गोष्टी लिहिते: डेटा कधीपर्यंतचा, ओळी किती, आणि ‘एक ओळ = एक ऑर्डर’. आमच्या मॅडम म्हणतात, ते कुणी वाचत नाही. मागच्या महिन्यात हिशेब बघणाऱ्या एकांनी तेच वाचून फोन केला, “अहो, यात रद्द झालेल्या ऑर्डरही धरल्यात का?”

धरल्या होत्या.