सत्संगातलं गोल बोलणं कसं ओळखावं

खानापूर-निपाणीकडच्या सत्संगात दावा ऐकलात, की वहीत 2 ओळी लिहा: दावा आणि कारण. मग कारणालाच ‘कशावरून?’ विचारा. ‘महाराज ज्ञानी, कारण ते सांगतात ते सत्य, ते सत्य, कारण महाराज ज्ञानी’ असं फिरून आलं, तर तो न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, अन्योन्याश्रय दोष: दोन गोष्टी एकमेकींवरच टेकलेल्या. 3 पायऱ्यांनी फिरलं तर चक्रक. ते ऐकताना निसटतं, म्हणून लिहायचंच.

दावा करणारे ‘हे शब्दांपलीकडचं’ म्हणाले तर? बेळगावच्या कुंदा या मिठाईची चव शब्दांत येत नाही, मान्य. पण कुंदा दुधाचा, हे सांगता येतं आणि कुणीही खाऊन पाहू शकतो. अनुभव सांगताच येत नसेल, तर त्यातून इतरांसाठी आज्ञाही निघत नाही. नेमकं इथेच लोक फसतात.

चारचौघांत विचारू नका, माणूस दुखावतो. भजन संपल्यावर दावा करणाऱ्याला एकट्याला विचारा: ‘काका, काय घडलं तर तुमचं मत बदलेल?’