केबिन बॅग मापाच्या चौकटीत अडकत असेल तर: माझा अनुभव

मुंबई विमानतळावर माझी केबिन बॅग सलग दोन प्रवासांत मापाच्या चौकटीत (बॅग ठरलेल्या मापात बसते का हे पाहण्याचा सांगाडा) अडकली आणि जादा पैसे भरावे लागले, याचा फार मनस्ताप झाला. कपडे कमी केले, बाहेरचा कप्पा रिकामा केला. उपयोग झाला नाही. दुकानदाराने सांगितलेले ५५ सेंमी हे माप चाके वगळून होते, विमान कंपनी मात्र चाके आणि हँडल धरून मोजते.

शेवटी आधी तिकिटाची मर्यादा (५५ × ३५ × २५ सेंमी, ७ किलो) लिहून घेतली, मग क्रॉफर्ड मार्केटमध्ये स्वतःच्या टेपने मोजून चाकांसकट ५३ सेंमी भरणारी, दोन किलोंहून हलकी, मऊ कापडाची बॅग निवडली आणि घरी पूर्ण भरून, हँडल आत सारून, पुन्हा मोजली. कारण भरल्यावर अशी बॅग पोटाशी फुगते. त्यानंतर ती हातकाट्यावर तोलली. वजन ६.६ किलो भरले आणि विमानतळावर बॅग चौकटीत सहज बसली.