कॅनडात, ओंटारियोत मुलांच्या टीमला मदत करायचीय? मग पोलिस चेकचं नीट समजून घ्या

पोरगा किंवा पोरगी हॉकीत (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची) नाहीतर सॉकरमध्ये घातली की थोड्याच दिवसांत क्लबचा मेल येतो, टीमला असिस्टंट कोच हवाय, मॅनेजर हवाय, ट्रेनर हवाय (हॉकीतला ट्रेनर म्हणजे व्यायाम घेणारा नाही हां, मुलाला लागलं तर बघणारा). इथले मुलांचे बहुतेक क्लब आईवडिलांच्या बिनपगारी मदतीवरच चालतात, त्यामुळे जमत असेल तर हो म्हणा, ओळखी होतात, पोरांनाही बरं वाटतं. पण हो म्हटलं की कागद मागतात आणि तिथे आपली माणसं बिचकतात. मी ब्रॅम्प्टनमध्ये गेली आठ वर्षं टीम मॅनेजर म्हणून हेच कागद गोळा करतेय, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

मुख्य कागद म्हणजे व्हल्नरेबल सेक्टर चेक, म्हणजे मुलांसारख्या दुबळ्या लोकांसोबत काम करणाऱ्याची पोलिस तपासणी, सगळे व्हीएससी म्हणतात. ओंटारियोत पोलिस चेक तीन प्रकारचे आहेत, नोव्हेंबर 2018 पासून ते कायद्यानेच ठरलेत, आणि मुलांवर ज्याचा अधिकार चालणार त्याच्यासाठी हा तिसरा, सगळ्यात खोलात जाणारा. आपण राहतो तिथल्याच पोलिसांकडे अर्ज करायचा, म्हणजे ब्रॅम्प्टन-मिसिसागावाल्यांनी पील पोलिसांकडे. सोबत क्लबचं पत्र लागतं, तुम्ही कुठलं काम करणार हे लिहिलेलं, कारण असाच सहज म्हणून हा चेक काढता येत नाही. पीआरच्या (इथे कायमचं राहण्याच्या परवानगीच्या) वेळी भारतातून आणलेलं पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, वेगळं, ते दाखवून हे काम होत नाही.

आपल्या लोकांचं अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना बऱ्याच ठिकाणी तुमच्या क्रेडिट हिस्टरीवरून प्रश्न विचारतात, जुनं कर्ज कुठल्या बँकेचं वगैरे, आणि नवीन आलेल्याकडे ती हिस्टरीच नसते, मग सिस्टम नापास करते. घाबरू नका, पासपोर्ट आणि लायसन्स घेऊन काउंटरवर जा. दुसरं नावाचं. आपल्यात मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं, पासपोर्टवर एक आणि लायसन्सवर भलतंच. माहेरचं नावसुद्धा लिहा, आधीची सगळी नावं विचारलेलीच असतात.

आता बोटांच्या ठशांबद्दल, कारण यावरून सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. तीनेक वर्षांपूर्वी आमच्या टीममधले एक दादा, सातारकडचे, रात्री साडेनऊला घरी आले, हातात पोलिसांचं पत्र, चहासुद्धा घेईनात. वहिनी शेजारी गप्प बसलेल्या. "मी काय गुन्हेगार आहे का हो ताई? ठसे द्या म्हणतायत." मी पत्र बघितलं, जन्मतारीख 1 जून. मी विचारलं, दादा, खरी तारीख हीच का? तर म्हणाले, छे, आई सांगते श्रावणातला जन्म, शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लावली. आपल्याकडे घरटी एकाची तरी अशी असते! तर होतं असं, की लैंगिक गुन्ह्यात शिक्षा होऊन नंतर माफी मिळालेल्यांची नोंद वेगळी ठेवलेली असते आणि तिच्याशी तुमची जन्मतारीख आणि तुम्ही पुरुष की बाई एवढंच ताडून बघतात, नाव नाही, कारण नाव बदलता येतं. दोन्ही जुळलं की ठसे मागतात, दादांची ती 1 जून अशीच कुणाशी तरी जुळली असणार. याचा अर्थ तुमच्यावर संशय आहे असा अजिबात नाही. दादांनी ठसे दिले, काही आठवड्यांनी कागद आला, आणि त्या सीझनला ते टीमसोबत बेंचवर उभे होते.

एवढं कशाला, तर ग्रॅहम जेम्सचं उदाहरण आहे. ज्युनियर हॉकीतला मोठा कोच, 1989 मध्ये त्याच्या टीमने मेमोरियल कप (ज्युनियर हॉकीतली इथली सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकला, त्याच वर्षी द हॉकी न्यूजने त्याला मॅन ऑफ द इयर ठरवलं होतं. शेल्डन केनेडी या त्याच्या खेळाडूने तक्रार केली आणि 1997 मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, मुलांवर केलेल्या अत्याचारासाठी. त्याच माणसाला 2007 मध्ये माफी मिळाली, आणि लोकांना ते कळलं 2010 मध्ये. माफी मिळाली की साध्या चेकमध्ये काही दिसत नाही, म्हणून हा खोलातला चेक. आणि केनेडीनेच पुढे जी संस्था उभी करायला मदत केली तिचाच तो रिस्पेक्ट इन स्पोर्ट नावाचा ऑनलाइन कोर्स, जो तुम्हालाही करायला लावतील. झोपेत क्लिक करत संपवू नका, खरंच वाचा.

पण चेक कोरा आला म्हणजे झालं असं नाही, जो कधी पकडलाच गेला नाही त्याचं काय दिसणार त्यात. म्हणून इथे रूल ऑफ टू पाळतात, मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, दोघंही ट्रेनिंग आणि चेक झालेली. आपल्याला हे जड जातं कारण आपण दुसऱ्याच्या पोराला सहज गाडीत घालून घरी सोडतो, मायेने जवळ घेतो. टीमचे कोच असाल तर एकट्या मुलाला गाडीत घेऊ नका, मुलाला वेगळा मेसेज करू नका, आईला किंवा वडिलांना त्यात घ्याच. आणि आईबाप म्हणून, 'सर' म्हटलं की आपण प्रश्न विचारणं सोडतो ना, ते इथे चालू ठेवू नका. कोचचा चेक झालाय का, ड्रेसिंग रूममध्ये कोण असतं, बेधडक विचारा, कुणी राग मानत नाही, आणि कुणी मानलाच तर क्लबला कळवा. मुलावर अत्याचार होतोय असा रास्त संशय आला तर चिल्ड्रन्स एडला (मुलांच्या संरक्षणाचं काम बघणारी इथली संस्था) स्वतः कळवायचं, कायद्याने ते आपलं काम आहे, क्लबला सांगितलं म्हणून ते सुटत नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कोचला बघितलं, ड्रेसिंग रूममध्ये एक आठ वर्षांचा पोरगा रडवेला झालेला, स्केटची गाठ सुटेना, बाकी सगळे बर्फावर गेलेले. कोच दारातच थांबला, आतल्या पोराशी बोलत राहिला आणि मला हाक मारली, "कॅन यू स्टँड हियर प्लीज?" मी जाऊन उभी राहिले तेव्हाच तो आत जाऊन गुडघ्यावर बसला.

अर्ज जुलैतच टाका. ठसे मागितले तर आठवडे जातात आणि सप्टेंबरमध्ये सीझन सुरू होतो, कागद नसेल तर बेंचवर घेत नाहीत. चेक तुमच्याच हातात मिळतो, क्लबला तुम्हीच द्यायचा, त्यामुळे मूळ कॉपी जपून ठेवा, आणि पुन्हा कधी लागेल ते तेव्हाच क्लबला विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.